'सी'चे अकरा अर्थ

निवृत्त झाल्यावर मी आता गप्प बसावं, असं घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं मला सुचवून पाहिलं. पण चौतीस वर्षं ब्रह्मपुरीच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई गप्प बसून करणार काय? पहिल्याच महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या तीन दुकानांच्या इंग्रजी पाट्या दुरुस्त करायला सांगितल्या. ड्रायक्लीनरनं ऐकलं, मोबाइलवाल्यानं ऐकलं, तिसऱ्यानं पाटीच काढून टाकली. मग मी माझ्या जुन्या वह्या काढून बसले.

एकेका क्रियापदाला एकेक वही, अशी माझी पद्धत. 'गेट'ची सगळ्यात जाड, कारण त्या क्रियापदाला ताळतंत्रच नाही. माझी आवडती मात्र 'सी'ची. दिसणं हा पहिला अर्थ, समजणं हा दुसरा. मग भेटणं, निरोप द्यायला जाणं, एखादं काम नीट होतंय ना हे जातीनं बघणं, अशी यादी करत मी अकरावर पोचले होते. अकरा अर्थ आणि प्रत्येकाची तीन-तीन वाक्यं. त्या वहीचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

आमच्याच गल्लीत भाड्यानं राहणारे एक साहेब होते. पश्चिम महाराष्ट्रातले, नुकतेच बदलून आलेले. बसनं दीड तासावर जंगलाचं एक गेट आहे, तिथल्या सफारीचा कारभार त्यांच्याकडे होता. मी पाटीवाल्याशी हुज्जत घालताना त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "मॅडम, आमच्या गेटवर नऊ बायका गाईड होण्यासाठी तयार होतायत. बाहेरदेशचे पर्यटक येतात, त्यांच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. शिकवाल?"

मी हो म्हणायला वेळ लावला नाही. घरच्यांनीही डबा भरून द्यायला वेळ लावला नाही.

वर्ग भरायचा गेटच्या आत, तिकीटघराच्या पडवीत, सकाळची सफारी परत आल्यावर आणि दुपारची सुटण्याआधी. गेटवर पोचल्या पोचल्या मी तिथली सूचनांची पाटी वाचली. गाडीतून उतरू नये, या वाक्याच्या इंग्रजीत दोन चुका होत्या. आठवड्याच्या आत मी ती नव्यानं रंगवून घेतली. या पाटीचा विषय पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

नऊही जणी आजूबाजूच्या खेड्यांतल्या. खाकी शर्ट साडीवर चढवून यायच्या आणि भिंतीला पाठ लावून रांगेत बसायच्या. शिकवायला मजा यायची, कारण प्रश्न अस्सल असत. मी सांगितलं, इंग्रजीत 'सी अ डॉक्टर' म्हणजे डॉक्टरला भेटणं, प्रकृती दाखवणं. एक जण म्हणाली, "बाई, आमी डॉक्टरले पायतो का डॉक्टर आमाले पायते?" खरं होतं. आपण डॉक्टरला 'दाखवतो', इंग्रज मात्र आजारी असतानाही बघण्याचं काम स्वतःकडे ठेवतो. आपल्याकडे वाघ 'मला दिसतो'. म्हणजे जे काही केलं ते वाघानं, मी आपली बाजूला उभी. इंग्रजीत 'मी' आधी येतो, आणि वाघ शेवटी. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा सगळ्या हसल्या.

एक चूक मोडायला मला महिना लागला. आपल्या बोलीत 'मी पाहून राह्यली' म्हणतात, म्हणून या बायका सरसकट 'आय ॲम सीइंग' म्हणायच्या. मी सांगे, दिसणं हे आपोआप होतं, ते काही चालू ठेवायचं काम नाही, म्हणून तिथं 'सीइंग' नको. आपण होऊन नजर वळवली की 'लुक'. नजर न हलवता, पुढे काय होतंय याच्यावर लक्ष ठेवलं की 'वॉच'. आणि हे दोन्ही करूनसुद्धा दिसेलच असं नाही. दिसलं तर 'सी'. रोज दहा मिनिटं हे तीन शब्द मी घोटून घेई.

त्या नऊजणींत एक होती, तिशी ओलांडलेली, कमी बोलणारी. आधी ती विश्रामगृहाची झाडलोट करायची. तिचे वडील जन्मभर जंगलात रोजंदारीवर होते. साहेबांची जीप निघाली की ते पुढे धावत जाऊन रस्त्यावरच्या फांद्या बाजूला करायचे. त्या जीपमध्ये ते एकदाही बसले नाहीत. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारलं होतं, गाईड का व्हायचं? कोणी मुलांच्या शाळेचं सांगितलं, कोणी घराचं. ही म्हणाली, "मले समोरच्या सीटवर बसाचं हाय."

तिचा उच्चार सगळ्यांत स्वच्छ होता. पक्ष्यांची इंग्रजी नावं तिला माझ्यापेक्षा जास्त येत. मार्चअखेर परीक्षा होती. पास होणारीला गाईडचा बिल्ला, नापास होणारी पुन्हा जुन्या कामाला, म्हणजे ही झाडूकडे. ही नक्की पास होणार, असं मी धरून चालले होते.

आणि तिनंच मला छळलं. पर्यटक परतल्यावर गेटवर एकच प्रश्न विचारला जातो, काय दिसलं? म्हणून 'आय सॉ अ टायगर' हे वाक्य मी प्रत्येकीकडून रोज म्हणवून घेई. आठ जणी म्हणत. हिची पाळी आली की ही म्हणे, "आय सॉ अ सांबर." मी म्हणे, टायगर म्हण. ती म्हणे, "आय सॉ अ पीकॉक." व्याकरण बिनचूक, चेहरा शांत, आणि जनावर प्रत्येक वेळी दुसरंच. एकदा मी छडीसारखं पेन टेबलावर आपटलं आणि म्हटलं, "इथं वाघ बघायला लोक समुद्र ओलांडून येतात, मोर बघायला नाही."

माझा राग नाकावरच असतो, हे माझे विद्यार्थीच नव्हे तर त्यांची मुलंही सांगतील. परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेबांना द्यायच्या गुणांच्या कागदावर मी प्रत्येकीबद्दल एक ओळ लिहिली. हिच्या नावापुढे लिहिलं, 'हुशार आहे, पण हट्टी. शिकवलेलं वाक्य म्हणत नाही.' लिहिताना मला बरंच वाटलं, हेही इथे कबूल करते.

परीक्षा म्हणजे एकेकीनं सकाळी साहेबांना आणि मला गाडीतून जंगल दाखवायचं, इंग्रजीत. तिची पाळी आली त्या दिवशी उघड्या जिप्सीत आम्ही चौघंच होतो. चालवणारा तिच्या शेजारच्या गावचा, त्याच्या बाजूला समोरच्या सीटवर ती, मागे साहेब आणि मी. मोहफुलांचा वास सगळ्या जंगलात भरला होता. तिनं घुबड दाखवलं, गव्याचं शेण दाखवलं, अस्वलानं नखं मारलेलं झाड दाखवलं. वाक्यं छोटी, पण एकही अडली नाही. मी मनात गुण देत होते.

तळ्याच्या वळणावर ओल्या मातीत वाघाचा ठसा होता. साहेबांनी गाडी थांबवायला लावली आणि ते फोटो काढायला खाली उतरले. ती लगेच म्हणाली, "सर, नो. प्लीज डू नॉट गेट आउट ऑफ द व्हेइकल." माझ्याच पाटीवरचं वाक्य, शब्दाला शब्द. साहेब हसले. "अगं, मी इथला साहेब आहे."

साहेब उतरले म्हटल्यावर मीही उतरले. दीड तास बसून माझे गुडघे आखडले होते, आणि रस्त्याला लागूनच मोहाचं झाड होतं. खाली फुलांचा सडा पडला होता. लहानपणी आजोळी मी भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जायची. किती वर्षांत वाकून फूल उचललं नव्हतं. ती मला काहीतरी म्हणत होती, पण मी पदराचा ओचा केला आणि वाकून वेचायला लागले.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. अगदी साधा, अंगणातून हाक मारावी तसा. "बाई, चाला, पानी पेऊन घेऊ."

मी मान वर न करता म्हटलं, "इंग्लिश! परीक्षा चालू आहे."

"मॅडम, कम. वुई विल ड्रिंक वॉटर."

वाक्य बरोबर होतं. मी म्हटलं, "आय ॲम नॉट थर्स्टी."

मग ती गाडीतून उतरली. घाईनं नाही. माझ्या शेजारी येऊन ताठ उभी राहिली आणि माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "स्टँड अप, मॅडम."

चौतीस वर्षं हे वाक्य मी लोकांना म्हणत आले. मला ते कोणी कधी म्हटलं नव्हतं. संतापानंच मी उभी राहिले. ती माझ्या मागच्या बाजूनं, मला अगदी खेटून चालत मला गाडीपर्यंत घेऊन आली. त्याच आवाजात तिनं साहेबांनाही बोलावलं, "सर, कम. वॉटर." साहेबांचे फोटो काढून झाले होते, तेही आले. आम्ही बसलो. गाडी हळूच सरकली. पुढे एका उंचवट्यावर गेल्यावर तिनं खरोखरच बाटली काढून आम्हा दोघांना पाणी पाजलं. ओच्यातली फुलं गाडीत चढताना सांडली, म्हणून मी तिच्यावर आणखीच चिडले होते.

गेटवर परत आलो. तिकीटघरात टेबलामागे बसून साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला, "व्हॉट डिड यू सी टुडे?"

"आय सॉ अ‍ॅन आउल. आय सॉ चीतल. आय सॉ मेनी लंगूर्स. आय सॉ टू पीकॉक्स."

"एनी टायगर?"

ती गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत गप्पच. साहेबांनी माझा कागद उघडला, ती ओळ वाचली आणि मान हलवली. "तुम्ही लिहिलंय तसंच आहे, मॅडम. जी गाईड टायगर हा शब्दच म्हणत नाही, तिला पर्यटकांबरोबर पाठवू कशी?" ते तिला म्हणाले, जा तू. ती नमस्कार करून गेली. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, तरी मला काही चांगलं वाटलं नाही.

गेटच्या बाहेर, आडव्या दांड्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे. साहेब आणि मी तिथे बसलो होतो. गाडी लावून, बाहेरच्या नळावर हातपाय धुऊन चालक आला. त्यानं चहा घेतला, एक घोट घेतला आणि सहज म्हणाला, "साहेब, आज मोठी बाई लई जवळ होती न."

"कोण मोठी बाई?"

"वाघीन. मॅडमच्या मागं, नाल्याच्या गवतात. वीस पावलं असन. बसूनच होती. मॅडम वाकल्या तशी तिनं मान वर केली."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. साहेब म्हणाले, "आणि तू हे आत्ता सांगतोस?"

"आतमंदी कसं सांगाचं, साहेब?" तो म्हणाला, जणू साहेबांनी काही भलतंच विचारलं होतं.

तिचं घर टपरीपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही तिघंही गेलो. अंगणात जुन्या साडीवर मोहफुलं वाळत घातलेली होती. ती नुकतीच हातपाय धुऊन आली असावी, पावलं ओली होती. खाकी शर्ट घडी करून ओसरीवर ठेवलेला. आम्हाला बघून तिनं खाट टाकली.

मी विचारलं, "तुला ती दिसली होती?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या गावात पहाटे बायका मोह वेचायला जातात तेव्हा सगळ्या वाकलेल्या असतात. वाकलेली बाई वाघाला चरणारं जनावर वाटते. जंगलाच्या आत त्याचं नाव कधीच घ्यायचं नाही, आणि कुणा एकीला तो दिसला तरी ती दिसला असं म्हणत नाही. ओरडलं की बाया पळतात, आणि पळते तिच्या मागे तो येतो. म्हणून जिला दिसला ती नेहमीच्या आवाजात म्हणते, चाला, पाणी पेऊन घेऊ. हे ऐकलं की कोणी का विचारत नाही, कोणी मागे बघत नाही. सगळ्या सरळ उभ्या राहतात आणि एकमेकींना धरून निघतात. घरी येऊन हातपाय धुतल्यावर मग सांगायचं, आज होता. तिच्या आईनं तिला असंच एकदा घरी आणलं होतं.

"पण बाकीच्या आठ जणी टायगर म्हणत होत्या," मी म्हटलं. "त्याही इथल्याच ना?"

"त्या म्हनत, त्याले इंग्रजी थोडीच येते?" ती पहिल्यांदाच हसली. "मी म्हनलं, एवढे लोकं रोज टायगर टायगर करते, आतापावतर शिकला असन तो."

साहेब हसले, पण मला हसू येईना. "अगं, मग मला वर्गात का नाही सांगितलंस हे?"

"वर्ग आतमंदीच भरे न, बाई. अन् तुमी काऊन म्हून इचारलं कधी? तुमी रागावले."

तिनं हे तक्रार म्हणून म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. अकरा अर्थांची वही घेऊन मी या बायकांसमोर बसत होते, आणि एकदाही 'का' एवढा साधा प्रश्न विचारावासा मला वाटला नव्हता. शरमेनं माझे कान तापले.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "पण पर्यटकांना दाखवशील कसा? नाव न घेता?"

"डायव्हरच्या खांद्याले हात लावला का गाडी थांबते. मी तिकडं पायते. मी पायलं का सारेच पायते. डोये हायेत न त्याइले." मग म्हणाली, "तुमी दोघं गाडीत असते त तुमाले बी दाखवली असती."

साहेबांनी खिशातून गुणांचा कागद काढला आणि घडी न उघडता हातात धरला. त्यांची अडचण मला कळत होती. हिला पास करायचं तर आजची हकीकत लिहायला हवी, आणि हकीकत लिहायची तर साहेब नियम मोडून उतरले हे लिहायला हवं. मी म्हटलं, "मी उतरले होते, हे मी माझ्या सहीनं लिहून देते. ती पाटी तर मीच रंगवून घेतली आहे. तुमचं तुम्ही बघा. पण प्रश्न पुन्हा विचारा. आता आपण गेटच्या बाहेर आहोत."

साहेबांनी गुणांचा कागद गुडघ्यावर ठेवला. "व्हॉट डिड यू सी टुडे?"

ती उभी राहिली, पडवीत उभी राहायची तशी. आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आय सॉ अ टायगर. शी वॉज इन द ग्रास. शी वॉज लुकिंग ॲट मॅडम. आय वॉज वॉचिंग हर." मग माझ्याकडे बघून, जरा संकोचून, "मॅडम वॉज लुकिंग ॲट द फ्लॉवर्स. मॅडम डिड नॉट सी."

माझ्या पाठीमागे त्या गवतात काय होतं, ते मला त्या वाक्यांनी पहिल्यांदा दिसलं. ती वाघीण माझ्याकडे बघत होती, आणि या बाईनं वाघिणीवरची नजर न हलवता, आवाज न चढवता, खाली उतरून स्वतःला आमच्या दोघींच्या मध्ये उभं केलं होतं. आणि मी तिला इंग्रजीत बोल म्हणून दटावत होते.

साहेबांनी हळूच मला विचारलं, "वाक्यं बरोबर आहेत, मॅडम?"

"सगळी बरोबर आहेत," मी म्हटलं. "शेवटचं तर फारच बरोबर आहे."

साहेबांनी पास लिहिलं आणि खाली सही केली. खाली दोन ओळींत त्यांनी स्वतःच्या उतरण्याचंही लिहिलं, हे मला नंतर कळलं. मग कागद माझ्याकडे दिला. माझी ती ओळ खोडण्यासाठी मी पेन उघडलं, पण ओळ सोडून मी पुन्हा पुन्हा मागे वळून अंगणाच्या कडेला बघत होते. गवतातली भीती आत्ता, अंगणात बसल्यावर, अंगात उतरत होती.

ती आत जायला वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाई, पानी पेता?"

मी खाटेवरून ताडकन उठले. पेन खाली पडलं, कागद फुलांवर गेला. मी सरळ, ताठ उभी, मागे न बघता, चालकाचा हात घट्ट धरून. चालक खो खो हसायला लागला, साहेबही. ती तांब्या घेऊन धावत आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बसा, बाई, बसा. हे खरंच पानी हाय."